क्रोनो ट्रिगर: कुठली आणायला सांगशील?

पुणे

प्रिय मंदार,

तुझं पत्र मिळालं. न्यू जर्सीहून दादा दिवाळीला येतोय, तर त्याला 'क्रोनो ट्रिगर मिळाली तर आण' एवढंच सांगू नकोस. हा जपानी व्हिडिओ गेम इतक्या वेळा, इतक्या यंत्रांवर निघालाय की तो भलतंच काही उचलून आणेल.

मूळ गेम १९९५ चा, सुपर निन्टेंडो या टीव्हीला जोडायच्या यंत्रावरचा. ३२ मेगाबिट, म्हणजे ४ एमबीची कॅसेट. युरोपात ती तेव्हा निघालीच नाही. त्यामुळे कुणी युरोपियन खोक्यातली 'ओरिजिनल' दाखवली तर तिथंच रामराम ठोकायचा. जपानी कॅसेट खूप स्वस्त मिळते, पण सगळा मजकूर जपानी. शिवाय तुझ्या अमेरिकन यंत्राच्या खाचेत प्लास्टिकचे दोन दात आहेत, त्यामुळे ती आत बसणारही नाही.

प्लेस्टेशनवर तो जपानात १९९९ ला आला. अमेरिकेत २००१ मध्ये, 'फायनल फँटसी क्रॉनिकल्स' या जोडसंचात. मध्ये मध्ये ॲनिमेशन घातलंय, पण मेन्यू उघडा की सीडी फिरते, लढाई सुरू झाली की पुन्हा फिरते. ज्या गेमची सगळी मजा झटपट लढायांत आहे, तिथं दर वेळी थांबायचं म्हणजे छळच. ही आणू नकोस. ॲनिमेशन काय, यूट्यूबवर दिसतं.

डीएसची, म्हणजे निन्टेंडोच्या हातात धरायच्या दोन पडद्यांच्या यंत्राची, आवृत्ती २००८ ची. भाषांतर नवं, मेन्यू खालच्या पडद्यावर, आणि डीएसच्या कॅसेटला प्रदेशाचं कुलूप नाही, म्हणजे कुठलीही चालते. एकच खोट: मूळ चित्र २२४ ओळींचं, डीएसचा पडदा १९२ चा, त्यामुळे वरखाली थोडं कापलं जातं. नुसता गेम खेळायचा असेल तर डोळे झाकून हीच.

पण तू टीव्हीवरच खेळणार, हे मला माहीत आहे. मग मूळ कॅसेट घे आणि दादाला सांग की पैसे देण्याआधी आतल्या बोर्डाचा फोटो मागायचा. या गेमच्या नकला उदंड आहेत. खऱ्या बोर्डावर निन्टेंडोचं नाव आणि 'एसएचव्हीसी' (SHVC) ने सुरू होणारा क्रमांक छापलेला असतो, आणि गोल सेल असतो. सेलच नसेल किंवा बोर्डावर कुणाचंच नाव नसेल तर ती नक्कल समज. उघडायला ३.८ मिमीचा गेमबिट, म्हणजे या खास स्क्रूंसाठीचा पाना, लागतो. साध्या स्क्रूड्रायव्हरने खटपट केलीस तर स्क्रूची डोकी जातील.

सेव्ह केलेला खेळ त्या सेलवरच टिकतो, आणि तीस वर्षांचा सेल आता भरवशाचा नाही. मल्टिमीटरवर ३ व्होल्टच्या आसपास दिसला तर ठीक, २.५ च्या खाली गेला असेल तर खेळायला बसण्याआधीच बदल. सेल काढला की जुने सेव्ह पुसले जाणार, हे धरूनच चाल. सीआर२०३२ घे, पण पत्र्याचे पाय आधीच जोडलेला. नुसत्या सेलवर थेट सोल्डर करू नकोस, उष्णतेने तो खराब होतो, फुटूही शकतो. जुना काढताना डिसोल्डर पंप (वितळलेलं सोल्डर ओढून घेणारा) वापर; ओढलास तर बोर्डावरची तांब्याची गोल पट्टी उखडून येते. बोर्डावर + ची खूण आहे, ती बघून बसव. मग खेळ सेव्ह कर, यंत्र बंद कर, दहा मिनिटांनी चालू करून बघ. सेव्ह गेलेला दिसला तर बहुतेक एखादा टाका कच्चा राहिलेला असतो.

आणखी एक. अमेरिकन अडॅप्टर १२० व्होल्टचा आहे, थेट भिंतीत घातलास तर जळेल. २३० चे ११० करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घे, ५० वॅटचा पुरतो. आणि काकांचा जुना डब्बा टीव्ही फक्त पाल, म्हणजे आपल्याकडची रंगीत चित्राची पद्धत, समजणारा असेल तर अमेरिकन यंत्राचं चित्र काळंपांढरं येईल. हॉलमधल्या एलसीडीच्या एव्ही पिनेत लावून बघ.

काकूंना नमस्कार. बोर्डाचा फोटो आला की पैसे देण्याआधी मला पाठव.

तुझा,
सुहास