रक्तक्षयाविरुद्धच्या कामात बापालाही बोलवा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात, मुलांच्या वॉर्डात परिचारिका आहे. माहेर जव्हार तालुक्यातलं. तिकडून पाठवलेली पांढरीफटक पडलेली मुलं आमच्याकडे दाखल होतात, तेव्हा वाटतं, यांचं औषधपाणी घरातच व्हायला हवं होतं.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. त्याआधीच्या सर्वेक्षणात हे प्रमाण ५३.८ टक्के होतं. लोहाचं औषध सरकार फुकट देतं. आठवड्यातून दोनदा एक मिली, एवढंच. आशाताई बाटली घरी पोचवते, पण पाजायचं आईबापांनी. आणि नेमकं त्यांच्याशी बोलायला आपण वेळ काढत नाही.

औषध सुरू झालं की मुलाची शी काळी होते. हे आधी कुणी सांगितलेलं नसतं. आई घाबरते, सासू म्हणते औषध बाधलं, आणि बाटली फळीवर जाते ती कायमची. 'काळी शी होईल, घाबरू नका' हे वाक्य बाटली देतानाच सांगितलं तर औषध पोटात जाईल. चहाचंही तसंच. दीड वर्षाच्या पोराला चहात बुडवून बिस्कीट देण्यात कुणाला गैर वाटत नाही, पण चहामुळे जेवणातलं लोह अंगी लागत नाही. मूल माती खातं म्हणून फटके मिळतात. ते बऱ्याचदा रक्त कमी असल्याचं लक्षण असतं.

या आईबापांना बेफिकीर म्हणू नका. सहा महिन्यांनंतर आईच्या दुधातलं लोह पुरत नाही, हे त्यांना कधी सांगितलं गेलं? म्हणून वर्षाचं होईपर्यंत बाळ नुसत्या पेजेवर राहतं.

आणि सांगायचं ते सगळं आपण आईलाच सांगतो. बैठक मातांची, भरवणार आई, रागावणंही तिच्याच वाट्याला. बाजारातून काय आणायचं हे मात्र बहुतेक घरांत बाप ठरवतो. अंडं, सुकट, मटणाचा तुकडा आधी त्याच्या ताटात पडतो. मला मनापासून वाटतं, त्याला कुणी नीट समजावलं तर तो आपल्या ताटातलं लेकराला देईल. पण बैठक दुपारी, तो कामावर असताना होते. ती संध्याकाळी घ्या, पाड्यावर घ्या, आणि बापाला नाव घेऊन बोलवा.

दुसरी मागणी स्थलांतराची. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याची कुटुंबं भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पोटातले जंतही रक्त कमी करतात, आणि त्यांच्यावरच्या गोळीची फेब्रुवारीची फेरी त्याच काळात येते. मुलाचं नाव गावच्या रजिस्टरात, मूल भट्टीवर. निघण्याआधी प्रत्येक घराला औषधाची बाटली आणि नोंदीचं कार्ड द्या. भट्टीजवळच्या अंगणवाडीने ते कार्ड बघून पुढची बाटली द्यावी, गाव विचारून परत पाठवू नये.

बाटल्या किती वाटल्या याचा हिशेब तुमच्याकडे येतच असेल. किती रिकाम्या झाल्या, तोही मागवा. या दिवाळीपूर्वी, कुटुंबं गाव सोडण्याआधी, तसा आदेश निघावा ही विनंती.

आपली,
एक परिचारिका, मुंबई