दादाचं यंत्र घेऊ नका, बाबा

पुणे,
२० जानेवारी २००८

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तूर निघाली असेल. कापूस अजून घरात ठेवलाय की विकला, ते फोनवर नीट कळलंच नाही. बाबा, तुम्ही सगळा वेळ त्या यंत्राबद्दलच बोलत होता. "सस्त्यात भेटून रायलं, तं कायले सोडाचं?" म्हणालात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. फोनवर तुम्ही माझं पूर्ण ऐकून घेत नाही.

दादा अमेरिकेतून जे आणायचं म्हणतो, तो टोशिबाचा एचडी डीव्हीडी प्लेअर, म्हणजे साध्या डीव्हीडीपेक्षा स्वच्छ चित्राच्या नव्या तबकड्या चालवणारं यंत्र. दिवाळीच्या सुमारास तिकडे त्याचं जुनं मॉडेल शंभर डॉलरच्या आत विकलं गेलं, म्हणजे आपले चार हजारही नाहीत. स्वस्त आहे हे खरं. पण का स्वस्त आहे, ते बघा. समोर सोनीवाल्यांची ब्लू-रे ही तशीच दुसरी तबकडी आहे. दोन्हींत सिनेमा सारखाच स्वच्छ दिसतो, पण एकाची तबकडी दुसऱ्याच्या यंत्रात चालत नाही. वॉर्नर ही मोठी सिनेमा कंपनी आजवर दोन्हीकडे तबकड्या काढायची. ४ जानेवारीला तिने सांगितलं की मे महिन्यानंतर फक्त ब्लू-रे. डिस्ने, फॉक्स आधीच तिकडे होते. एचडी डीव्हीडीकडे मोठ्यांपैकी युनिव्हर्सल आणि पॅरामाउंट उरले. लगेच टोशिबाने किमती आणखी पाडल्या. घाईने भाव पाडून विकायला काढलेला बैल तुम्ही दात न बघता घ्याल का?

आतला फरक तुम्हाला आवडेल म्हणून सांगते. डीव्हीडी लाल किरणाने वाचतात, ६५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या. या दोघींना निळसर जांभळा किरण लागतो, ४०५ चा. किरण बारीक, म्हणून खुणाही बारीक आणि जवळजवळ मारता येतात. त्यामुळे डीव्हीडीच्या एका थरात ४.७ जीबी मावतात, एचडी डीव्हीडीत १५ आणि ब्लू-रेत २५. ब्लू-रेला जास्त मावतं, कारण तिची माहिती पृष्ठभागाच्या अगदी खाली, ०.१ मिलिमीटरवर असते. एचडी डीव्हीडीत ती जुन्या डीव्हीडीसारखीच ०.६ वर. म्हणून ती डीव्हीडीच्याच कारखान्यात थोड्या फेरफाराने बनते आणि स्वस्त पडते. मला विचाराल तर डोकं टोशिबावाल्यांनी जास्त व्यवहारी चालवलं होतं. पण सोनीचे हात बीटामॅक्स या त्यांच्या व्हिडिओ कॅसेटच्या वेळी पोळलेले. तेव्हा तिच्यावर सुरुवातीला तासभरच मावायचं, समोरच्या व्हीएचएस कॅसेटवर दोन तास, आणि व्हीएचएस जिंकली. या वेळी त्यांनी ब्लू-रे प्लेस्टेशन ३ मध्येच घातली. खेळायला घेतलेलं यंत्र सिनेमाही दाखवतं, त्यामुळे ती आपोआप घरोघरी शिरली.

आता आपलं बघू. आपल्या टीव्हीच्या मागे पिवळी, लाल, पांढरी पिन लागते. त्या पिवळ्या पिनेतून चित्राच्या ५७६ ओळींच्या वर काही येत नाही. एचडीत १०८० असतात. म्हणजे घरी दिसणार तेच, जे साध्या डीव्हीडीत दिसतं. शिवाय अमेरिकेतलं यंत्र १२० व्होल्टचं, आपली लाइन २३०ची, आणि लोडशेडिंगनंतर लाइन येते तेव्हा ती किती उसळते ते पंख्याला विचारा. ट्रान्सफॉर्मर न लावता कुणी घाईत पिन खोचली की संपलं. आणखी एक. तिकडच्या यंत्राला आपल्या प्रदेशाचं कुलूप असलेली डीव्हीडी चालत नाही. एचडी डीव्हीडीला असं कुलूप नाही, पण ती दारव्ह्यात विकतं कोण? तुमची कीर्तनं आणि सप्तखंजिरीची भजनं सगळी व्हीसीडीवर आहेत.

ब्लू-रेही आत्ता नकोच. ती जिंकेल असं मला वाटतं, पण जिंकणाऱ्याचं यंत्रही दोन-तीन वर्षांनी निम्म्या किमतीत मिळतं. तोवर साधा डीव्हीडी प्लेअर घ्या, व्हीसीडी वाचणारा, आणि त्यासोबत स्टॅबिलायझर. स्टॅबिलायझर टाळू नका. दादाला मी कळवते, तुम्हाला वाईटपणा नको.

आई, तू तबकडी पदराने गोल गोल पुसतेस. तसं नको. सुती फडक्याने मधल्या भोकापासून कडेपर्यंत सरळ पूस. गोल ओरखडा पडला की यंत्राला बराच वेळ सलग वाचता येत नाही आणि चित्र अडकतं. ताईच्या लग्नाची कॅसेट मात्र कुणाच्या व्हीसीआरमध्ये घालू नका. खिडकीसारख्या भागातून टेपवर पांढरे ठिपके दिसतात का, तेवढं उजेडात बघून सांग. तसं असेल तर ती बुरशी, आणि ती यंत्राच्या टेप वाचणाऱ्या हेडलाही चिकटते. होळीला मी येईन तेव्हा कॅसेट घेऊन जाईन, इथे डीव्हीडीवर उतरवून देणारे आहेत.

पैसे या आठवड्यात पाठवते. बाबा, दुकानदाराकडून पक्कं बिल घ्या आणि वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घ्या.

तुमची,
धाकटी