लोहगावच्या कॅनबेरांची आठवण कोण ठेवणार?

मा. संपादक,

गोवा मुक्तिदिन आला की सत्याग्रहींचे स्मरण होते, पणजीत शिरलेल्या सैन्याचे होते. हवाई दलाच्या वाट्याला मात्र ‘दाबोळीवर बॉम्बफेक झाली’ एवढे एकच वाक्य येते. ती कॅनबेरा बॉम्बफेकी विमाने पुण्याच्या लोहगाव तळावरून गेली होती, हे पुण्यातल्या अनेकांना ठाऊकही नसते, याची मनापासून खंत वाटते.

१८ डिसेंबर १९६१ रोजी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली १२ कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर काही मिनिटांत सुमारे ६३ हजार पौंड बॉम्ब टाकले. नंतर विंग कमांडर सुरिंदर सिंग आणखी ८ कॅनबेरा घेऊन गेले. धावपट्टी निकामी करायची, पण टर्मिनलच्या इमारतीला हात लावायचा नाही, असा हुकूम होता आणि दोन्ही खेपेस तो पाळला गेला. तिथे उभी असलेली दोन प्रवासी विमानेही वाचली. पोर्तुगीजांनी त्याच रात्री धावपट्टीचा काही भाग घाईघाईने दुरुस्त करून ती विमाने कराचीला पळवली. म्हणून कामगिरी अपुरी पडली असे कुणी म्हणेल. मला ते मुळीच पटत नाही. तो विमानतळ दुसऱ्याच दिवशी आपला होणार होता. तो जाळून काय साधले असते?

याच डिसेंबरात आपली कॅनबेरा संयुक्त राष्ट्रांच्या वतीने काँगोतही लढत होती. पुढे १९६५ मध्ये ती रात्रीच्या अंधारात थेट पेशावरपर्यंत गेली, १९७१ मध्ये कराचीच्या तेलसाठ्यांवर. दोन इंजिनांचे हे बॉम्बफेकी विमान शत्रूच्या लढाऊ विमानांपुढे वेगात कमी पडे, म्हणून रात्र हाच त्याचा आसरा. त्यातल्या नॅव्हिगेटरबद्दल, म्हणजे वाट दाखवणाऱ्या साथीदाराबद्दल, तर कुणी बोलतच नाही. बॉम्बफेकीच्या वेळी तो विमानाच्या काचेच्या नाकाडात पालथा पडून नेम धरायचा. वैमानिकाला इजेक्शन सीट, म्हणजे संकटात विमानाबाहेर फेकून जीव वाचवणारे आसन, होती; नॅव्हिगेटरला नव्हती. हे माहीत असूनही ही माणसे रात्रीमागून रात्री उडत राहिली.

मे २००७ मध्ये आग्र्याला कॅनबेराला निरोप दिला गेला. लोहगावच्या त्याच धावपट्टीवरून आज रोज हजारो प्रवासी ये-जा करतात, कित्येक तर गोव्यालाच जातात. तेव्हा विमानतळ प्राधिकरणाने आणि हवाई दलाने मिळून प्रवाशांच्या सहज नजरेस पडेल असा, या मोहिमेची माहिती देणारा फलक टर्मिनलमध्ये मराठीत लावावा आणि त्यावर वैमानिकांबरोबर नॅव्हिगेटरांचीही नावे असावीत, ही विनंती.

— एक वाचक, पुणे