मेंडेल्सोनच्या ऑक्टेटसाठी एक चेलो आणि एक व्हायोला हवा आहे

सप्रेम नमस्कार,

वसईतल्या आमच्या संगीत मंडळाची मुले नाताळच्या सुट्टीत जर्मन संगीतकार फेलिक्स मेंडेल्सोनचा ऑक्टेट, म्हणजे आठ वाद्यांसाठीची रचना, वाजवणार आहेत. त्याला चार व्हायोलिन, दोन व्हायोला आणि दोन चेलो लागतात. चर्चच्या गायनवृंदांमुळे आपल्याकडे व्हायोलिनची वाण नाही. अडते ते खालच्या सुरांपाशी. मंडळाकडे व्हायोला एकच आहे आणि चेलोही एकच.

मेंडेल्सोनने ही रचना बर्लिनमध्ये ऑक्टोबर 1825 मध्ये पूर्ण केली, तेव्हा तो 16 वर्षांचा होता. आमची बहुतेक मुले त्याच्याच वयाची, म्हणून तर हा हट्ट. व्हायोलिनवादक एडुआर्ड रिट्झ हा त्याचा शिक्षक आणि मित्र. रिट्झच्या वाढदिवसाची ही भेट, म्हणून पहिल्या व्हायोलिनचे काम भलतेच अवघड. त्याआधी श्पोर या जर्मन संगीतकारानेही आठ तंतुवाद्यांसाठी लिहिले होते, पण त्यात चार-चार जणांचे दोन गट असत. मेंडेल्सोनने आठही जणांना एकत्र गुंफले आणि सगळ्यांनी मोठ्या वाद्यवृंदासारखे वाजवावे, अशी सूचनाही लिहून ठेवली.

‘आहेत त्या सहा जणांत भागवा,’ असे काहींनी सुचवले. भागणार नाही. शेवटच्या भागाची सुरुवातच दुसरा चेलो एकटा करतो, अगदी खालून आणि भरधाव. मग एकेक वाद्य वर चढत जाते. पुढे याच भागात संगीतकार हँडेलच्या ‘हालेलुया’ या समूहगीतातली ‘अँड ही शाल रेन’ ही ओळ डोकावते. आपल्या गायनवृंदात गायलेल्यांना ती लगेच ओळखू येईल.

कोणाच्या माळ्यावर चेलो किंवा व्हायोला पडून असेल तर जानेवारीपर्यंत उसना द्या. पावसाळ्यात सांधा उकलला असेल, तारा गेल्या असतील, तरी चालेल. दुरुस्ती मंडळ करून घेईल. वाद्य न्यायला आम्हीच गाडी घेऊन येऊ, कारण चेलो रिक्षात नेण्याची हिंमत आमच्यात नाही.

वाद्य नसेल तर पैशांची मदत करा. तारा, गजाचे केस, दुरुस्ती आणि हॉलचे भाडे मिळून अंदाजे 45 हजार रुपये लागतील. नोटेशनचा खर्च नाही, त्याचे हक्क कधीच संपले आहेत. प्रत्येक देणगीची पावती मिळेल आणि हिशेब फलकावर लागेल.

रविवारी सकाळच्या मिस्सेनंतर मंडळाच्या खोलीत कोणी ना कोणी असतेच. व्हायोलिन सोडून व्हायोला धरणाऱ्या मुलीला आल्टो क्लेफ (व्हायोलाच्या स्वरलिपीची वेगळी खूण) वाचायची सवय व्हायला वेळ लागतो, म्हणून वाद्याचे तेवढे ऑक्टोबरअखेरपर्यंत कळवा.

आपले,
संगीत मंडळाचे कार्यकर्ते