कलम शिक्षेसाठी की अटकेसाठी? कायदामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय कायदा व न्यायमंत्री, भारत सरकार

मंत्रिमहोदय, सप्रेम नमस्कार.

एखाद्या नामवंतावर गंभीर गुन्हा दाखल झाला की आठवड्याभरात दोन तट पडतात. एक तट म्हणतो, मोठ्या माणसाला अडकवायचं म्हणून वाटेल ती कलमं लावली. दुसरा म्हणतो, मोठा आहे म्हणून एवढी हळहळ, गरिबाला कोण विचारतो? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मी फौजदारी वकील आहे, सत्र न्यायालयात रोज उभी राहते. तिथे जे दिसतं त्यावरून माझं मत असं झालं आहे की आपल्याकडे जड कलम बऱ्याचदा शिक्षा व्हावी म्हणून लावलंच जात नाही. ते अटक करता यावी आणि जामीन अडावा म्हणून लावलं जातं. आरोपीचं नाव मोठं असलं की हा मोह वाढतो. अटकेची बातमी पहिल्या पानावर येते, कलम गळून पडल्याची आतल्या पानावर, तीही आली तर.

अमली पदार्थविरोधी कायद्यातली दोन शेजारची कलमं पाहा. कलम २७ म्हणजे सेवन: पदार्थानुसार सहा महिने किंवा फार तर एक वर्ष कैद. कलम २७-अ म्हणजे अमली पदार्थांच्या अवैध व्यापाराला पैसा पुरवणं किंवा त्यातल्या गुन्हेगारांना आसरा देणं: किमान दहा, कमाल वीस वर्षं. शिवाय २७-अ लागलं की कलम ३७ च्या कडक अटी लागू होतात. म्हणजे आरोपी दोषी नसावा असं मानायला सबळ कारण आहे, अशी न्यायालयाची खात्री पटल्याशिवाय जामीन नाही. रिमांड अर्जात '२७' च्या पुढे एक 'अ' टंकला की माणसाचे निदान काही आठवडे कोठडीत जातात. तो 'अ' खरोखर लागू होतो का, हे त्या दिवशी कोणीच खोलात जाऊन पाहत नाही. तपास प्राथमिक अवस्थेत आहे, एवढं एक वाक्य पुरतं.

सप्टेंबर २०२० मध्ये अभिनेत्री रिया चक्रवर्ती यांच्यावर हे कलम लागलं. सुमारे महिनाभराने, ७ ऑक्टोबरला, मुंबई उच्च न्यायालयाने जामीन देताना सांगितलं की दुसऱ्याच्या सेवनासाठी पैसे देणं म्हणजे व्यापाराला पैसा पुरवणं नव्हे. कलमाचा मजकूर शांतपणे वाचला असता तर हे पहिल्याच दिवशी कळण्यासारखं होतं.

त्याच सुनावणीत सरकार पक्षाने आणखी एक मुद्दा मांडला होता. तरुण पिढी अशा लोकांकडे आदर्श म्हणून पाहते, तेव्हा त्यांना कठोर वागणूक देऊन धडा घालून द्यावा, असा. न्या. सारंग कोतवाल यांनी तो अमान्य केला. कायद्यापुढे सगळे समान. प्रसिद्ध व्यक्तीला न्यायालयात विशेष सवलत नाही, तसंच तिच्यावर विशेष जबाबदारीही येत नाही, असं त्यांनी नमूद केलं. मंत्रिमहोदय, मला खरी काळजी वाटते ती इथे. एखाद्या अधिकाऱ्याचा उत्साह वाहवत गेला तर समजू शकते. पण 'प्रसिद्ध आहे म्हणून जास्त कठोर' हा सरकारतर्फे भर न्यायालयात केलेला युक्तिवाद होता. उदाहरण घालून द्यायचं तर ते शिक्षेने, पुरावा तपासून झाल्यावर. आरोप ठेवतानाच ते घालून द्यायला गेलं तर खटला कशासाठी चालवायचा?

वर्षभराने पुन्हा तेच. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईत क्रूझवरच्या छाप्यानंतर अभिनेते शाहरुख खान यांचे पुत्र आर्यन खान यांना अटक झाली. त्यांच्याजवळ काहीही सापडलं नव्हतं. तरी कट, आंतरराष्ट्रीय टोळी अशी भाषा न्यायालयात झाली आणि व्हॉट्सअॅपवरचे संवाद सगळ्या वाहिन्यांवर झळकले. २८ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने जामीन दिला आणि कटाचा प्रथमदर्शनी पुरावा दिसत नाही असं सविस्तर आदेशात म्हटलं. २७ मे २०२२ रोजी अमली पदार्थ नियंत्रण विभागाने दोषारोपपत्र दाखल केलं तेव्हा त्यात चौदा जणांची नावं होती. पुरेशा पुराव्याअभावी सहा जण वगळले होते आणि त्यांत आर्यन होते. ज्या यंत्रणेने आंतरराष्ट्रीय कटाची भाषा केली, तिच्याच विशेष पथकाने सात महिन्यांनी हात झटकले. मधल्या काळात कलमांची छाननी कोणी, कधी केली, हे आजवर कोणी सांगितलेलं नाही.

हे वारंवार का होतं? कारण व्यवस्थेची रचनाच त्याला वाव देते. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत ऊठसूट अटक करू नये, आधी नोटीस द्यावी, अटक केली तर कारणं लिहावीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावलं. निर्णय उत्तमच. पण त्यातून पळवाट निघाली: सात वर्षांच्या वरचं एक कलम जोडा, म्हणजे नोटिशीची कटकट नाही. निष्काळजीपणाने मृत्यूला आज भारतीय न्याय संहितेत सर्वसाधारणपणे पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तीच घटना सदोष मनुष्यवध म्हणून कलम १०५ खाली नोंदवली की चित्र पालटतं. डिसेंबर २०२४ मध्ये हैदराबादच्या चित्रपटगृहातील चेंगराचेंगरीत एका महिलेचा जीव गेला आणि अभिनेते अल्लू अर्जुन यांना याच कलमाखाली अटक झाली. त्याच दिवशी तेलंगणा उच्च न्यायालयाने अंतरिम जामीन दिला. त्या महिलेच्या मृत्यूची जबाबदारी ठरलीच पाहिजे: चित्रपटगृहाची, बंदोबस्ताची, गरज असेल तर अभिनेत्याचीही. पण मृत्यू होऊ शकतो हे ठाऊक असून केलेलं कृत्य, हा त्या कलमाचा गाभा आहे. तो पुराव्यानिशी मांडता येणार नसेल तर कलम टिकणार नाही, आणि ते कोसळलं की खऱ्या निष्काळजीपणाचा आरोपही लोकांना खोटा वाटू लागतो.

कलमांच्या धरसोडीची किंमत पीडितांना कशी मोजावी लागते, हे पाहायचं असेल तर सलमान खान यांचा खटला मुळापासून वाचावा. सप्टेंबर २००२ मध्ये वांद्र्यात गाडीखाली एकाचा मृत्यू झाला, चौघे जखमी झाले. पोलिसांनी आधी जुन्या दंड संहितेचं ३०४-अ, म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यूचं कलम लावलं, कमाल दोन वर्षांचं. लोकक्षोभ उसळल्यावर ३०४ भाग दोन, म्हणजे सदोष मनुष्यवधाचं लावलं, कमाल दहा वर्षांचं. २००३ मध्ये उच्च न्यायालयाने ते काढलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथे ठरलं की योग्य टप्प्यावर कनिष्ठ न्यायालयानेच पुरावा पाहून निर्णय घ्यावा. मग दंडाधिकाऱ्यांपुढे सौम्य कलमाखाली साक्षी झाल्या. २०१२ च्या डिसेंबरात दंडाधिकाऱ्यांनी ठरवलं की हे गंभीर कलमाचंच प्रकरण आहे, आणि खटला सत्र न्यायालयाकडे जाऊन पहिल्यापासून सुरू झाला. तोवर एक महत्त्वाचा साक्षीदार मरण पावला होता. त्याची जुनी साक्ष उच्च न्यायालयाने पुढे ग्राह्य धरली नाही. मे २०१५ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली, डिसेंबर २०१५ मध्ये निर्दोष सुटका. दोन्ही निकालांबद्दल लोक अजून भांडतात. मला दिसतात ते पदपथावर झोपलेले ते मजूर, ज्यांना तेरा वर्षं आपण नेमक्या कोणत्या गुन्ह्याचे बळी आहोत हेदेखील कायद्याने सांगितलं नाही. पहिल्या तीन महिन्यांत एका जाणत्या सरकारी वकिलाने पुरावा समोर ठेवून कलम पक्कं केलं असतं, सौम्य किंवा गंभीर, तर साक्षीदार जिवंत असताना निकाल लागला असता.

अमेरिकेतही असंच घडलं आहे. अभिनेते अॅलेक बाल्डविन यांच्या हातातल्या बंदुकीतून २०२१ मध्ये चित्रीकरणाच्या जागी गोळी सुटून छायालेखिका हलिना हचिन्स यांचा मृत्यू झाला. अभियोक्त्यांनी मनुष्यवधाच्या आरोपाला बंदूक वापरल्याबद्दल किमान पाच वर्षं शिक्षेची जोड दिली. पण ती तरतूदच घटनेनंतर अमलात आलेली होती, ती मागे घ्यावी लागली. मग आरोपच मागे घेतला, २०२४ च्या जानेवारीत पुन्हा ठेवला, आणि १२ जुलै २०२४ रोजी ऐन खटल्यात न्यायाधीशांनी तो कायमचा रद्द केला, कारण काडतुसांचा पुरावा बचाव पक्षाला दाखवलाच नव्हता. हचिन्स यांच्या मृत्यूत बाल्डविन यांची जबाबदारी किती, याचा निवाडा आता फौजदारी न्यायालयात कधीच होणार नाही.

माझ्या म्हणण्याचा विपर्यास होऊ नये. प्रसिद्ध माणसावर खुनाचा आरोप ठेवूच नये, असं मी म्हणत नाही. दक्षिण आफ्रिकेचा धावपटू ऑस्कर पिस्टोरियस याला प्रेयसीच्या मृत्यूप्रकरणी खालच्या न्यायालयाने सदोष मनुष्यवधाबद्दल पाच वर्षं दिली होती. अभियोक्ते हटले नाहीत, २०१५ मध्ये वरच्या न्यायालयाने तो खून ठरवला आणि शेवटी शिक्षा तेरा वर्षांवर गेली. कन्नड अभिनेते दर्शन यांचा खुनाच्या खटल्यातला जामीन आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये रद्द केला, तोही योग्यच. जिथे पुरावा आहे तिथे कलम कितीही जड असो, सरकारने शेवटपर्यंत लढावं. माझा आक्षेप आहे तो पुराव्याआधी धावणाऱ्या कलमाला.

आणि हा आक्षेप तारे-तारकांसाठी नाही. त्यांच्याकडे देशातले उत्तम वकील असतात. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. नामवंताच्या प्रकरणात लावलेला तोच 'अ' मी रोज बिननावाच्या पोरांच्या कागदांवर पाहते. कोर्टाच्या व्हरांड्यात त्यांच्या आया विचारतात, "वकीलबाई, हे एवढं एक कलम निघेल का हो?" त्यांना उत्तर देताना रिया चक्रवर्ती यांचा आदेश माझ्या उपयोगी पडायला हवा होता. पण जुलै २०२३ मध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की त्यांच्या जामिनाला आम्ही आव्हान देत नाही, फक्त २७-अ च्या अर्थाचा प्रश्न खुला राहावा. तो खुला राहिला आणि तो आदेश इतर खटल्यांत दाखला मानू नये असं ठरलं. अभिनेत्रीला दिलासा मिळाला; तिच्या खटल्यातून निघालेला अर्थ मात्र त्या आयांच्या मुलांपर्यंत पोहोचू दिला नाही. मला हे अतिशय अन्यायाचं वाटतं.

आता तुमच्याकडून काय हवं आहे ते सांगते. आपल्याकडे दोषारोपपत्र पोलीस तयार करतात. ते दाखल करण्याआधी सरकारी वकिलाचं मत घेण्याची सक्ती न्यायालय करू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये आर. सरला प्रकरणात म्हटलं. संसद मात्र तशी तरतूद करू शकते. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २० मध्ये अभियोग संचालनालयाची, म्हणजे सरकारी वकिलांवर देखरेख करणाऱ्या यंत्रणेची, घडण आहे. सात ते दहा वर्षांच्या गुन्ह्यांत उपसंचालकाने पोलीस अहवालाची छाननी करावी, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. दहा वर्षं, जन्मठेप, फाशी अशा गुन्ह्यांत संचालकाचं काम देखरेख, खटल्याला गती आणि अपिलांवर मत, एवढंच. सर्वांत जड कलमांनाच छाननीचा स्पष्ट उल्लेख नाही. हे उलटं झालं आहे, आणि दुरुस्ती चार ओळींची आहे. दहा वर्षांवरच्या प्रत्येक कलमासाठी, त्याचा कोणता घटक कोणत्या पुराव्याने सिद्ध होणार हे सरकारी वकिलाने लेखी द्यावं आणि तो कागद दोषारोपपत्रासोबत न्यायालयात जावा. तपास अधिकाऱ्याला ते मत पटलं नाही तर त्याने आपली कारणं लिहून वेगळा निर्णय घ्यावा. त्याच्या अधिकाराला बाध नको. पण कागदावर कोणाची तरी सही असू द्या.

पोलिसांनी माध्यमांशी काय बोलावं याची नियमावली करायला सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये गृह मंत्रालयाला सांगितलं होतं. खासगी संवाद बाहेर फोडणाऱ्यावर कारवाईची तरतूद त्यात असायला हवी, एवढंच इथे म्हणते.

राहिला भरपाईचा प्रश्न. कारण नसताना अटक घडवून आणली तर दंडाधिकारी आज जास्तीत जास्त एक हजार रुपये देववू शकतात, तेही ती अटक घडवून आणणाऱ्या व्यक्तीकडून. नवी संहिता लिहिताना हा आकडा जुन्या कायद्यातून तसाच उचलला गेला. फौजदारी कायदे गृह खात्याच्या अखत्यारीत येतात, हे मला ठाऊक आहे. पण चुकीच्या खटल्यांच्या भरपाईवरचा विधी आयोगाचा २७७ वा अहवाल ऑगस्ट २०१८ मध्ये तुमच्याच खात्याला सादर झाला आणि त्यासोबत दुरुस्ती विधेयकाचा मसुदाही जोडलेला आहे. नव्या संहितेच्या कलम क्रमांकांशी तो जुळवून घेणं तुमच्या विधी अधिकाऱ्यांना अवघड नाही. येत्या अधिवेशनात तो मांडणार का, आणि नसल्यास का नाही, हे कृपया जाहीरपणे कळवावं.

आपली,
सत्र न्यायालयात वकिली करणारी एक नागरिक