वेळ सोड, क्रम धर

चि. सोनू हिस,
अनेक आशीर्वाद.

रोज पहाटे पाचला उठायचं वेळापत्रक आठव्या दिवशी मोडलं, म्हणून तू स्वतःला आळशी म्हणतेस. आठ दिवसांत दोन मॉर्निंग, दोन ईव्हिनिंग, तीन नाइट आणि एक ऑफ अशी नर्सची ड्युटी लिस्ट असताना ते मोडलं नसतं तरच नवल. ते वेळापत्रक दहा ते पाच ऑफिसात बसणाऱ्या माणसाच्या मापाचं आहे, तुझ्या अंगाला ते बसणारच नाही.

वॉर्डात फिरत्या ड्युट्या करणाऱ्या बाईची सकाळ म्हणजे झोपून उठल्यानंतरचा पहिला तास. मग घड्याळात सहा वाजलेले असोत की दुपारचे साडेतीन. घरमालकीणबाई ‘दुपारी कुठं सकाळ असते का’ म्हणाल्या तर हसून सोडून दे. ब्राह्ममुहूर्ताचा दाखला दिला, तर अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात वाग्भटांनी तो नियम ‘स्वस्थ’ माणसासाठी सांगितलाय. रात्रभर जागून आलेल्या नर्सला तो लावायचं कारण नाही. आणि ब्राह्ममुहूर्त तरी एका जागी कुठं बसतो? तो सूर्योदयावरून मोजतात. पुण्यात जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो आणि जूनमध्ये सहाच्या आसपास, म्हणजे मुहूर्तही तासभर सरकतो.

म्हणून ‘अमुक वाजता’ असं काही ठरवू नकोस, ‘अमुक झाल्यावर तमुक’ असं ठरव. उठल्यावर पेलाभर पाणी. पाणी झालं की गॅलरीत किंवा गच्चीवर उजेडात जायचं. उजेडात उभं असतानाच अंग मोकळं करायचं. या तीन गोष्टी याच क्रमानं, कुठलीही ड्युटी असली तरी. नॉर्सेटचा, म्हणजे एम्सच्या नर्स भरतीच्या परीक्षेचा, अभ्यास त्यानंतर, आधी नाही. उठल्यावर पहिली पंधरा ते तीस मिनिटं मेंदू जड असतो, वाचलेलं डोळ्यांवरून वाहून जातं आणि आपल्याला वाटतं आपलं डोकंच चालत नाही. नाइटला मधल्या वेळेत वीस मिनिटं डोळा लागला तर हेच लक्षात ठेव: उठल्या उठल्या औषधाचा डोस काढायला बसू नकोस. तोंड धू, दोन फेऱ्या मार आणि मग दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घेऊनच दे.

उजेड खरंच बाहेरचा हवा. खोलीतल्या ट्यूबलाइटचा उजेड काहीशे लक्सच्या (उजेड मोजायचं एकक) आत असतो, बाहेर ढगाळ दिवशीसुद्धा तो काही हजारांत जातो. स्वच्छ ऊन असेल तर दहा मिनिटं पुरतात, पावसाळी अंधारून आलेलं असेल तर वीस. सूर्याकडे बघायचं नाही, नुसतं बाहेर असायचं. मॉर्निंगला उठशील तेव्हा हिवाळ्यात बाहेर अंधारच असेल. अशा वेळी खोलीतले सगळे दिवे लाव आणि उजेडाचा वाटा बसस्टॉपवर उभी असताना घे.

आता मुख्य गोष्ट. एकच दिनक्रम न करता त्याची तीन मापं शिवून ठेव, छोटं, मधलं आणि मोठं.

छोटं बारा मिनिटांचं. पाणी (उजेड बसस्टॉपवर), दात घासताना टाचा उचलणं, पंधरा-पंधरा वेळा दोनदा (दिवसभर उभं राहून पोटऱ्या भरून येतात त्यावर याइतका स्वस्त उपाय नाही) आणि ड्रिपची, म्हणजे सलाइनचे मिनिटाला किती थेंब याची, दोन गणितं. बस्स. हे मॉर्निंगसाठी, आणि ईव्हिनिंग करून दुसऱ्याच दिवशी मॉर्निंग लागली असेल तर हेच. रात्री आठला सुटून, पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती (ओव्हर) देऊन, जेवून झोपेपर्यंत अकरा वाजतात. सकाळी आठला परत वॉर्डात हजर व्हायचं असताना तिथे मोठेपणा करायचा नाही.

मधलं पस्तीस मिनिटांचं. पाणी, उजेड, त्यातच सहा संथ सूर्यनमस्कार आणि कंबर मोकळी करायला मांजरासारखी पाठ वर-खाली दहा वेळा. मग दहा एमसीक्यू (पर्यायांतून उत्तर निवडायचे प्रश्न), दहा मिनिटांत. उरलेला वेळ चुकलेल्या प्रश्नांना. बरोबर आलेल्यांकडे पुन्हा बघूही नकोस.

मोठं एक ते सव्वा तासाचं, ईव्हिनिंगच्या दिवशी. यात मधल्या मापातलं सगळं, वर एखादा धडा आणि दहा मिनिटं इंग्रजी मोठ्यानं वाचणं. ईव्हिनिंगचा सापळा तुला माहीत आहेच: ‘ड्युटी दुपारी आहे’ म्हणून सकाळ लोळण्यात जाते आणि एक वाजता धावपळ उडते. त्या दिवशी साडेसातच्या पुढे अंथरुणात राहायचं नाही, आणि मोठं माप नाश्त्याआधी संपवायचं.

कुठलं माप घालायचं हे सकाळी ठरवायला बसू नकोस. अर्धवट झोपेत माणूस स्वतःशी वकिली करतो आणि जिंकतोही. आदल्या रात्री लिस्ट बघून ठरवून टाक. त्यावर एकच अपवाद: झोप सहा तासांपेक्षा कमी झाली, तर ठरलेल्यापेक्षा एक माप खाली ये. मोठं ठरलं असेल तर मधलं, मधलं असेल तर छोटं. झोपेतून काढलेला अभ्यास नॉर्सेटच्या पेपरात कामाला येत नाही.

ड्रिपची गणितं रोज का, तर हात बसला पाहिजे म्हणून. ५०० मिली सलाइन ४ तासांत द्यायचं आहे, सेट २० थेंबांचा (म्हणजे १ मिलीचे २० थेंब): ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. हेच १५ थेंबांच्या सेटवर ३१. मायक्रो सेट ६० थेंबांचा असतो, त्यावर तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब, इथे १२५. रोज आकडे बदलून दोन गणितं कर, कागदावर, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरशिवाय. हा अभ्यास परीक्षेलाही चालतो आणि त्याच दिवशी बेडशेजारीही.

चुकलेले प्रश्न एका वेगळ्या वहीत उतरव. ते पुन्हा बघायचे पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या उठण्याला. दिवस मोजू नकोस, उठणी मोज. नाइटच्या आठवड्यात तारखेचा हिशेब लावलास की वही मागे पडते, आणि मागे पडलेली वही कुणी उघडत नाही.

नाइटचं सविस्तर सांगते, कारण सगळं तिथेच फिसकटतं. पहिल्या नाइटच्या दिवशी नेहमीसारखी ऊठ, मधलं माप कर आणि दुपारी दीड-दोन तास झोपून मग जा. चहाचा शेवटचा कप रात्री दोनच्या आत. कॅफिनचा अर्धा भाग पाच-सहा तासांनंतरही अंगात असतो, त्यामुळे पहाटे पाचचा चहा सकाळी साडेनऊच्या झोपेत लुडबूड करतो. सकाळी सुटल्यावर उलटा नियम: उजेड टाळायचा. टोपी, छत्री, गॉगल, जे असेल ते. मात्र स्कूटरवर गॉगल लावून पेंगत येऊ नकोस. नाइटनंतर स्कूटरच नको, बस किंवा रिक्षा. घरी आल्यावर थोडा वरणभात, पोट फार भरायचं नाही आणि उपाशीही राहायचं नाही, नाहीतर अकरा वाजता भुकेनं जाग येते. साडेनऊ ते साडेतीन झोप. उठलीस की तीच तुझी सकाळ: पाणी, उन्हं उतरायच्या आत गच्ची, मधलं माप.

शेवटच्या नाइटनंतर ऑफ असतो तेव्हा दिवसभर झोपून काढावंसं वाटेल. तसं केलंस की रात्री बारापर्यंत टक्क जागी राहशील आणि पुढची मॉर्निंग वाया. त्या दिवशी एकपर्यंतच झोप, गजर लावून ऊठ, संध्याकाळी चालून ये, दहाला अंथरूण. अभ्यास त्या दिवशी शून्य. हा शून्य ठरवून घेतलेला आहे, चुकलेला नाही, हा फरक वहीतही दिसू दे.

चुकलेल्या दिवसाचाही बाऊ नको. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास केला होता, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं निघालं, पण माणसामाणसांत १८ ते २५४ दिवस इतकी तफावत होती, आणि एखादा दिवस सुटल्यानं फारसं काही बिघडत नव्हतं. ‘एकवीस दिवसांत सवय’ म्हणून जे फिरतं त्यावर विसंबू नकोस. तुझी वेळ रोज बदलते, तुला जास्तच दिवस लागतील असं धरून चाल.

फोनचं बघ. गजर मोबाइलवर आहे तोवर उठल्यावर पहिली गोष्ट वॉर्डच्या ग्रुपवरचे चाळीस मेसेज हीच राहणार, मग पाणी-उजेड कुठलं? साधं गजराचं घड्याळ घे आणि हात पोचणार नाही इतक्या लांब ठेव. ग्रुप अभ्यास होईपर्यंत म्यूट. ड्युटी बदलली तर इन्चार्ज सिस्टर फोन करतातच.

रूममेटची ड्युटी वेगळी असेल तेव्हा दिवा लावण्यावरून कुरबुरी होतात, त्यानंही दिनक्रम मोडतो. वही, पेन, पाण्याची बाटली, चपला हे रात्रीच दाराजवळ ठेव, म्हणजे अंधारात खुडबुड न करता बाहेर जाता येईल. युनिफॉर्म, आयडी, सेकंदकाट्याचं घड्याळ, कात्री, डब्याची पिशवी हेही तिथेच. रात्रीच्या या दहा मिनिटांनी सकाळची वीस वाचतात.

हिशेब कॅलेंडरच्या चौकटीतच ठेव: छो, म, मो किंवा शून्य, चारपैकी एक अक्षर. चार आठवड्यांनी मोज. मॉर्निंगच्या दिवशी छोटंही वारंवार बुडत असेल तर बाराची सात मिनिटं कर, टाचा आणि एकच गणित. ईव्हिनिंगला मोठं होत नसेल तर आधी झोपायची वेळ बघ, अभ्यास नंतर. एका वेळी एकच गोष्ट बदल, नाहीतर कशानं सुधारलं ते कळत नाही.

दिवसा झोपायला खोलीत अंधार हवा. तुझ्या खिडकीचं माप पाठव, लांबी-रुंदी दोन्ही, चौकटीच्या बाहेरून घेतलेलं. दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं जास्त धरून जाड काळं कापड शिवते, वर दोरीसाठी नेफा ठेवते. पुढच्या महिन्याची लिस्ट लागली की तिचाही फोटो टाक, नाइट कधी आहेत ते बघून पार्सल त्याआधी पोचेल असं करते.

तुझी,
आई