ताप आला नाही म्हणून

ती. आई-बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

हे फोनवर सांगायला गेले की बाबा "बरं बरं" म्हणत फोन आईकडे देतात आणि आई गाडी "जेवलीस का?"वर नेते. म्हणून पत्र. बाबांनी मोठ्याने वाचावं, मधलं गाळू नये.

गणपतीत आले तेव्हा बाबा सोप्यात बसले होते, डाव्या हाताने बनियन बरगडीपासून लांब धरून. वाऱ्याने कापड हललं तरी तोंड वाकडं होत होतं. पुरळ सुकून तेव्हा दोन महिने झाले होते! मला फोनवर "पित्त उठलंय" एवढंच कळलं होतं. तुम्ही मात्र चार दिवस काव लावत, नागिणीची दोन टोकं जुळतात का ते बघत बसलात. बाबा, ती सहसा जुळत नाहीतच. विषाणू बहुतेक एकाच बाजूच्या एखाद्या मज्जातंतूवाटे वर येतो, म्हणून पुरळ अंगाच्या मध्यावर येऊन थांबतं. बघायचं होतं ते घड्याळ. पुरळ उठल्यापासून 72 तासांत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर त्यांचा खरा उपयोग. मी रागावून लिहीत नाहीये. बरं, थोडं रागावूनच लिहितेय.

बाबा विचारत होते, कांजिण्या तर लहानपणीच येऊन गेल्या, मग हे आलं कुठून? आलं नाही, ते गेलंच नव्हतं. कांजिण्यांचा विषाणू पाठीच्या कण्यालगत मज्जातंतूंच्या गाठींत दडून राहतो. त्याला इतकी वर्षं दाबून ठेवलं ते रक्तातल्या टी पेशींनी, म्हणजे विषाणूंशी लढणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींनी.

आता बाबांच्या डेपोच्या भाषेत सांगते. या पेशींची भरती होते थायमस नावाच्या ग्रंथीत. छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या जरा वर. तिथली परीक्षा भलती कडक: शंभरात पाचसुद्धा पास होत नाहीत, बाकीच्या तिथेच संपतात. आपल्याच शरीरावर उठणारी पेशी बाहेर पडू नये म्हणून. ही ग्रंथी काय कामाची हे 1961 पर्यंत कुणाला धड माहीत नव्हतं. जॅक मिलर या शास्त्रज्ञाने नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढून दाखवली, तेव्हा कळलं.

आणि गंमत म्हणजे भरतीचं हे ऑफिस माणूस वयात आल्यापासूनच आवरायला घेतात. थायमस आकसत जाते, तिच्या जागी चरबी भरते. साठी-सत्तरीत नवी भरती जवळजवळ बंद. जुने ड्रायव्हर असतात, आपापल्या रूटचे पक्के. पण नवा रूट निघाला की गाडीवर चढवायला माणूस नाही. कोऱ्या पेशी कमी, अनुभवी पेशी जास्त, असा डेपो होतो. त्यातही बरेच अनुभवी एकाच जुन्या विषाणूच्या पहाऱ्यावर अडकून पडतात. काही इतके थकतात की हाक मारली तरी उठत नाहीत. नुसती कुरकुर करून आसपास सूज तेवढी वाढवतात. (बाबा, तुमच्या डेपोतली दोन नावं मला आठवली. लिहीत नाही.) कांजिण्यांवरचा पहारा असाच ढिला पडला.

यातली एक गोष्ट आईसाठी. "मला ताप येत नाही, अंगात ताकद आहे" हे म्हणणं सोड. वय झालं की संसर्ग होऊनही ताप येईलच असं नाही. त्याला एकट्या टी पेशी कारण नाहीत, पण थर्मामीटर फसवतो हे खरं. मागच्या थंडीत तुला लघवीचा संसर्ग झाला तेव्हा ताप कुठे होता? तू चहा नको म्हणालीस आणि मंगळवारी मारुतीला तेल घालायला निघालीस, शनिवार समजून. तू चहा नको म्हणालीस की बाबांनी मला फोन करायचा, रात्री दोन वाजले तरी.

आता लशीचं. नागिणीची नवी लस जिवंत विषाणूची नाही. त्यात विषाणूचं एक प्रथिन आणि पेशींना हलवून उठवणारा मसाला असतो. त्या मसाल्यातला एक घटक चिलीतल्या एका झाडाच्या सालीतून काढतात. आई, ती साल पाण्यात चोळली की आपल्या रिठ्यासारखा फेस येतो! चाचण्यांत सत्तरीच्या पुढच्यांनाही या लशीने सुमारे 90 टक्के संरक्षण दिलं. थकलेल्या पेशींकडून इतकं काम करून घेणारी लस क्वचितच असते. दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. दंड दुखेल, एखादा दिवस कणकण वाटेल. बाबांना नागीण होऊन गेली तरी लस घेता येते, कधी ते आपले डॉक्टर सांगतील. आईला आताच. महाग आहे, पैसे मी भरलेत, त्यावर चर्चा नको.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी मी येतेय. बाबांनी सैल बाह्यांचा सदरा काढून ठेवावा. आणि आई, त्या दिवशी उपास धरू नकोस.

तुमची,
ताई